हाताची चव आणि ३३ अनारसे

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्या ऑफिसात काम कमी आणि फराळ जास्त असतो. पँट्रीतल्या टेबलावर डबे उघडले जातात, चिवड्याच्या वासापुढे कॉफीचा वास हरतो, आणि कोणीतरी (बहुतेक वेळा मुलगाच) विकतची करंजी खात खात म्हणतो, "चांगली आहे रे, पण आमच्या आजीच्या हाताची चव नाही!" बाकीचे माना डोलावतात. दोन मिनिटं सगळे आपापल्या आजीत हरवतात. मग कोणाचा तरी कॉल सुरू होतो आणि मंडळी पांगतात.

हे वाक्य मीही कॉलेजात गेल्यापासून म्हणत आलोय. होस्टेलवर म्हटलं, बंगळुरात पहिल्या नोकरीत असताना तर रडवेल्या आवाजात म्हटलं. आता मात्र ते ऐकलं की मला थोडा राग येतो. स्पष्टच सांगायचं तर "आजीच्या हाताला चव होती" हे कौतुक नाही, पळवाट आहे. आणि घरोघरचे गोड पदार्थ बंद पडण्यात त्या पळवाटेचा वाटा मोठा आहे, असं माझं मत झालंय. का झालं, ते सांगतो.

आधी माझं स्वतःचं रेकॉर्ड सांगून टाकतो, म्हणजे नंतर उपदेश करतोय असं वाटायला नको. लहानपणी आमच्याकडे मे महिन्यात आणि दिवाळीत नानकटाई व्हायची. आजी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहातानं फेसायला बसायची. तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत हात थांबायचा नाही. मग त्यात मावेल तेवढा मैदा, चिमूटभर सोडा, वेलची. ताई गोळे वळायची. घरी ओव्हन नव्हता, त्यामुळे तो डबा घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं. तिथे भट्टीत पत्र्यांवर आपली नानकटाई भाजून मिळायची. ते डबा नेण्या-आणण्याचं काम माझं. येताना रस्त्यातच चार गट्टम. गरम नानकटाई मऊ असते, हातात भुगा होते, गार झाली की मग खुसखुशीत होते, हे ज्ञान मी त्या रस्त्यावर मिळवलं. म्हणजे बघा, आमच्या घरातल्या गोड पदार्थांच्या परंपरेत माझी भूमिका काय? हमाल आणि ग्राहक. माझ्या बाबांची भूमिका याहून कमी होती. ते हमालीही करत नसत.

आता मुद्द्याची गोष्ट. ताईचं लग्न झालं २०२२ साली. त्यानंतरचा पहिला अधिक महिना आला २०२३ मध्ये, अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो आणि त्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायची पद्धत आहे. आई म्हणाली, विकत आणू. आजी म्हणाली, "आणा की. मी काय करणार आता." आजी तेव्हा ८३ वर्षांची. हात थरथरायचे, उभं राहवायचं नाही, एका डोळ्यानं जेमतेम दिसायचं. ती काही टोचून बोलली नव्हती, पण मला ते "मी काय करणार आता" लागलं. वर्क फ्रॉम होम चालू होतं, अंगात खुमखुमी होती. मी जाहीर केलं, "अनारसे मी करणार!"

बाबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केला.

आजीची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. मी मोठ्या आशेनं उघडली. अनारशांच्या पानावर काय लिहिलं होतं सांगू? "अनारसे. तांदूळ, गूळ, खसखस, तूप. नेहमीप्रमाणे." बस्स. नेहमीप्रमाणे! दहा वर्षं जुना कोड उघडावा, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असावा आणि आत एवढीच कॉमेंट असावी, तसं झालं. सुदैवानं आमचा कोड लिहिणारी व्यक्ती बाजूच्या खोलीत पलंगावर बसलेली होती. पण मी तिला विचारलं का? नाही. मी व्हिडिओ बघितले. चार. चारांची मापं वेगळी. मग घरातलं "रुचिरा" काढलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी कितीतरी नवख्या मुलींचे संसार सावरले. ते सगळं वाचून मी एक एक्सेल शीट केली. हसू नका.

कृती वाचायला सोपी आहे. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचा. पूर्ण वाळू द्यायचा नाही, दमट असतानाच दळून बारीक चाळणीनं चाळायचा. त्यात किसलेला गूळ मिसळायचा, आमच्याकडे वजनानं पिठाच्या पाऊणपट. गोळे दाबून डब्यात चार-पाच दिवस ठेवायचे. गूळ पिठातलं पाणी ओढून घेतो आणि हळूहळू सगळं मऊ होतं, पाण्याचा थेंबही वरून घालावा लागत नाही. मग खसखशीवर थापून तुपात तळायचे. खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं.

मी सगळं ग्रॅममध्ये केलं. पीठ एक किलो, गूळ साडेसातशे ग्रॅम, डिजिटल काट्यावर. शनिवारी सकाळी कढई ठेवली, पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो... गेला. म्हणजे अक्षरशः गेला. कडेनं पसरत पसरत त्याचं जाळं झालं, जाळ्याचे तुकडे झाले, आणि तुकड्यांचा चॉकलेटी गाळ होऊन तळाशी बसला. दुसरा सोडला, तोही गेला. ताई फोनवर व्हिडिओ कॉलवर होती, ती हसून हसून लोळली. आणि खोलीतून आजीचा आवाज आला, "हसला का रे?"

मला वाटलं ताईबद्दल विचारतेय. पण तुपात अनारसा असा विरघळला की "अनारसा हसला" म्हणतात. मला ते त्या दिवशी कळलं. म्हणजे या बगला नाव होतं! पिढ्यान्‌पिढ्या इतक्या जणींना तो आलेला होता की त्याला स्वतःचा शब्द मिळाला होता, आणि मी मात्र एक्सेल शीट घेऊन बसलो होतो.

मग मी ते पीठ घेऊन आजीपाशी गेलो. तिनं चिमूट बोटात चोळली आणि विचारायला सुरुवात केली.

"तांदूळ कुठे पसरले होतेस?"

"हॉलमध्ये. बाहेर पाऊस होता."

"किती वेळ?"

"एक तास. व्हिडिओत एक तास म्हणाले."

"त्यांच्याकडे पाऊस होता का?"

झालं. सापडला. पावसाळ्यातल्या दमट हवेत तासाभरात तांदूळ पुरेसे सुकले नव्हते. त्यामुळे माझ्या डिजिटल काट्यानं जे एक किलो पीठ मोजलं, त्यात पाण्याचंही वजन होतं. तांदूळ प्रत्यक्षात कमी, पाणी जास्त, आणि गूळ मात्र पूर्ण किलोच्या हिशोबानं. ओलावा जास्त आणि गूळही जास्त, मग अनारसा हसणार नाही तर काय रडणार? माप बरोबर होतं, मोजलेली वस्तू वेगळी होती. आजी काटा वापरत नसे. ती तांदूळ मुठीत दाबायची. मूठ उघडल्यावर दाणे तळव्याला जरा चिकटले पाहिजेत, पण तळवा ओला व्हायला नको. ही चाचणी पावसाळ्यातही चालते आणि मे महिन्यातही, कारण ती वेळ मोजत नाही, ओलावा मोजते. माझी एक तासाची नोंद फक्त त्या व्हिडिओवाल्या बाईंच्या हवेत चालत होती.

"आता फेकून द्यायचं?" मी विचारलं.

"फेकतोस कशाला मेल्या! कोरडी तांदळाची पिठी घाल त्यात थोडी. मळ, झाकून ठेव रात्रभर. उद्या आधी एकच सोड. एक नीट झाला की मगच बाकीचे थाप." आणि उलट झालं, म्हणजे पीठ कोरडं होऊन अनारसे कडक झाले, तर? "मग चमचाभर दूध, नाहीतर पिकलं केळं." सगळं तयार होतं तिच्याकडे. प्रत्येक चुकीला एक उतारा. यातलं एकही अक्षर वहीत नव्हतं.

रविवारी आजीला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. एक सोडला, टिकला. जाळी पडली, खसखस बदामी झाली. एकूण ४१ केले, त्यातले ३३ दाखवण्यालायक निघाले. उरलेले आठ बाबांनी "टेस्टिंग"च्या नावाखाली संपवले. मी आजीला म्हटलं, "तुझ्या हाताची चव नाही आली पण."

त्यावर ती जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "चव कसली रे हाताला? हाताला चटके असतात."

आणि मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा १८ वर्षांची होती. पहिल्याच दिवाळीत अनारसे हसले, सगळेच्या सगळे. सासूबाई चार बायकांसमोर नको ते बोलल्या. तूप वाया गेलं म्हणून त्या दिवाळीत तिला वरण-भातावर तूप वाढलं नाही. ती मोरीत जाऊन रडली. दुसऱ्या वर्षी पुन्हा थोडे बिघडले. तिसऱ्या वर्षी जमले. त्यानंतर साठ वर्षं कोणी विचारलं नाही की कसे जमले. सगळे म्हणत राहिले, वहिनींच्या हाताला काय चव आहे!

आता सांगा, हे कौतुक आहे का? एखाद्या सीनियर इंजिनिअरनं साठ वर्षं खपून, शिव्या खाऊन एक सिस्टीम उभी केली आणि आपण म्हटलं, "त्याच्या बोटांतच जादू आहे", तर तो चिडेल की नाही? जादू म्हटलं की शिकायची जबाबदारी संपते. जादू थोडीच शिकता येते! ज्याच्याकडे आहे त्यानं करत राहायचं आणि बाकीच्यांनी खात राहायचं. आणि जादू असणारी व्यक्ती गेली की आपण हळहळायला मोकळे.

"मग विकत आणण्यात काय वाईट?" असं कोणी विचारेल. काहीच वाईट नाही. माझ्या ताईला नोकरी आहे, आईनं तीस वर्षं नोकरी सांभाळून चकल्या पाडल्या, तिच्यावर आणखी एक परंपरा लादायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. फराळ करून विकणाऱ्या बायकाही घरीच राबतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात. घरातल्या आजीला कधी मिळाले? चार वस्तू विकत आणा, दहा आणा. फक्त मग "घरची चव गेली हो" असा गळा काढू नका. ज्याला चव हवी आहे त्यानं तांदूळ भिजत घालावेत. हा नियम मला पुरेसा वाटतो. सगळे पदार्थ कोणालाच शिकायला नकोत. एका माणसानं एक पदार्थ घ्यावा. चार जणांच्या घरात चार पदार्थ टिकले तरी खूप झालं.

दुसरा आक्षेप माझ्या एका मित्राचा. तो म्हणतो, तुम्ही मिक्सरवर दळता, गॅसवर तळता, मग ते पारंपरिक कुठे राहिलं? मी हे आजीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "मिक्सर आला तेव्हा मी नारळ वाढवला होता." तिच्या सासूबाई उखळात कुटायच्या. आजीनं ते उखळ आनंदानं अंगणात नेऊन त्यात तुळस लावली. तिच्या माहेरी अनारसे साखरेचे, सासरी गुळाचे. म्हणजे "मूळ" अनारसा कुठला? प्रत्येक पिढीनं आपल्या सोयीनं बदल केले. मग आपल्याच पिढीनं जुन्या गोष्टींना हात न लावता नुसता नमस्कार का करायचा? बदलावं, पण कशासाठी काय होतं ते समजून बदलावं. तीन दिवस भिजवणं का, उलटायचं का नाही (मऊ अनारसा मोडतो आणि खसखस तुपात गळून जळते), हे माहीत असेल तर काय बदलता येईल आणि काय नाही हे आपोआप कळतं.

आणि तिसरी गोष्ट, जी घरी बोललो तर वाद झाला. पदार्थ वारशात घ्यावा, त्याच्याभोवतीची सक्ती घेऊ नये. ३३ अनारसे जावयालाच का? मुलीला का नाहीत? आमच्या भावोजींना हे आधीच पटलेलं होतं. वाणाच्या दिवशी ते आले, ताट हातात घेतलं, सगळ्यांच्या पाया पडले आणि मग आजीला म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी मला तळायला बोलवा." आईला ते फारसं रुचलं नाही. जावयानं कढईपुढे उभं राहायचं म्हणजे काय! आजी मात्र म्हणाली, "येऊ दे की. चटका बसला की कळेल." मला वाटतं, एक पदार्थ जिवंत ठेवायचा तर एवढं करायलाच हवं. नाहीतर अनारसे टिकतील आणि मोरीत जाऊन रडणंही टिकेल.

आजी २०२४च्या डिसेंबरात गेली. त्याआधीच्या दीड वर्षात मी दर शनिवारी तिच्यापाशी बसून तिची वही पुन्हा लिहिली. आमच्या कंपनीत कोणी नोकरी सोडताना नॉलेज ट्रान्सफर होतं ना, तसं. फरक एवढाच की इथे मी "कृती" विचारणं सोडून दिलं होतं. कृती तिला सांगताच येत नसे, "घालायचं अंदाजानं" यापुढे गाडी जायची नाही. मग मी विचारायचो, "हे बिघडलं तर कसं दिसतं?" की ती सुटायची. नारळाच्या वड्या मऊ का राहतात, चिरोट्याचे पदर तळताना का सुटत नाहीत, नानकटाईला भेगा जास्त का पडतात, नि कुठल्या वर्षी कोणाच्या बारशाला काय फसलं होतं. चुका विचारल्यावर तिला सगळं आठवायचं. ४६ पानं झाली. वहीचं पहिलं पान मी तसंच ठेवलंय, "नेहमीप्रमाणे" वालं.

त्यानंतर मी एकट्यानं दोनदा अनारसे केले. एकदा जमले, एकदा कडक झाले. फाइलमध्ये दोन्ही वेळची तारीख, हवा आणि मूठ दाबल्यावर काय दिसलं ते लिहिलंय. सगळ्या नोंदी पावसाळ्यातल्या आणि दिवाळीच्या आहेत, उन्हाळ्याचा रकाना अजून रिकामा आहे. तो आता मला नाहीतर भावोजींना भरावा लागणार.

असो. तुमच्या घरात अजून कोणी खुर्चीवर बसून "हसला का रे?" विचारणारं असेल, तर या शनिवारी एकच काम करा. रेसिपी मागू नका. तिला विचारा, पहिल्यांदा केलं तेव्हा काय बिघडलं होतं. आणि वही घेऊन बसा, कारण उत्तर मोठं असणार आहे.